एआरटीच्या गोळ्या, तपासण्या आणि तारखा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००७ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेतेय. त्यातली बरीच वर्षं सेंटरच्या बाकावर नव्यानं आलेल्या माणसांशेजारी बसण्यात गेली. फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी एसटी स्टँडवर गाठून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांना धरून आहेत. औषधांचे आणि तपासण्यांचे नियम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे, म्हणजे नाकोचे असल्यामुळे ते देशभर सारखेच आहेत. तुमचा स्वतःचा डोस मात्र तुमच्या सेंटरचे डॉक्टरच ठरवतील.

१. खासगी लॅबमध्ये रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. आता पहिल्यांदा कुठे जायचं?

जवळच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज, यांपैकी कुठेही हे केंद्र असतं. तिथे तुमच्या रक्ताची तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी होते आणि मगच रिपोर्ट पक्का धरतात. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक तुमच्याशी बोलतात. तिथून एआरटी सेंटरची चिठ्ठी मिळते.

एआरटी सेंटरला नाव नोंदवलं की नंबर पडतो. ग्रीन बुक, म्हणजे तुमच्या उपचाराची वही, हातात येतं आणि तुमच्या नोंदींचं व्हाइट कार्ड सेंटरला राहतं. पहिल्याच खेपेला सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), हिमोग्लोबिन, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी रक्त घेतात आणि टीबीची लक्षणं विचारतात. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतील, असेल तर न्या. नसेल तरी जा. कागद नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नसतं. कुणी परत पाठवलंच तर १०९७ वर फोन करा. ही नाकोची मोफत हेल्पलाइन आहे आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.

२. हे सगळं खरंच फुकट आहे का? आणि किती वर्षं फुकट राहील?

गोळ्या, सीडी-फोर, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणं), समुपदेशन, सगळं मोफत. १ एप्रिल २००४ ला सहा राज्यं आणि दिल्ली इथल्या आठ सरकारी रुग्णालयांत हे सुरू झालं. मुंबईचं जे.जे. त्यातलंच एक. त्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना या ‘फुकट’ शब्दाचं वजन माहीत आहे. परदेशी कंपन्यांची औषधं वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे जात होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभरातले भाव कोसळले. तरीही तेवढे पैसे नसलेली माणसं गेलीच. माझ्या घरातला माणूस त्यातलाच.

आता हा कायद्यानं मिळालेला हक्क आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एआरटी, तपासण्या आणि संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटली की गाठणाऱ्या) आजारांवरचे उपचार पुरवण्याची जबाबदारी त्यानं सरकारवर टाकली आहे. तेव्हा ही योजना उद्या बंद पडेल, या धास्तीनं गोळ्या साठवून ठेवू नका. तुमचा खरा खर्च गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या हजेरीचा आहे. त्याबद्दल प्रश्न १० आणि २० पाहा.

३. सीडी-फोर ६५० आहे, तब्येत ठणठणीत आहे. मग गोळ्या लगेच कशाला?

पूर्वी तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. सुरुवातीला सीडी-फोर २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. मग ही मर्यादा हळूहळू वर सरकत गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती उठलीच. आता रिपोर्ट पक्का झाला की सीडी-फोर कितीही असो, गोळ्या सुरू. शरीर खचण्याची वाट पाहिली तर टीबी आधी गाठतो, आणि मधल्या काळात जोडीदारालाही धोका राहतो.

थांबावं लागतं ते मोजक्याच वेळी. टीबी निघाला तर आधी टीबीचं औषध सुरू करतात आणि थोड्या दिवसांनी एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर काही आठवडेही थांबवतात. कारण गोळ्यांनी प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की आत दबलेला आजार उसळतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत ताप, खोकला, गाठी, असह्य डोकेदुखी असं काही झालं तर ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ती बंद करू नका, सेंटरला जा.

४. दिवसाला एकच गोळी? तिच्यात असं काय आहे?

तीन औषधं आहेत : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५०. सेंटरला हिला टीएलडी म्हणतात. वय दहाच्या वर आणि वजन ३० किलोच्या वर असलेल्या बहुतेकांना हीच असते. लहान मुलांना वजनाप्रमाणे वेगळं औषध देतात, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही असतात.

जुन्या माणसांनी बरंच काही सोसलंय. आमच्या वेळी स्टॅव्ह्युडिन होतं. त्यानं पायांची आग व्हायची आणि गाल बसायचे. गाल बसले की सगळ्या गल्लीला कळल्यासारखं वाटायचं. झिडोव्ह्युडिननं काहींचं रक्त कमी व्हायचं. इफाव्हिरेंझ रात्री घेतलं की विचित्र स्वप्नं पडायची, सकाळी डोकं जड. ‘एआरटी फार गरम पडते’ ही गावात ऐकू येणारी भीती त्या काळातली आहे. टीएलडीचा त्रास त्या मानानं फारच कमी. काहींना पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी होते किंवा झोप लागत नाही. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या. पुढे काहींचं वजन वाढतं आणि क्वचित कुणाची शुगर वाढते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. वीस-तीस वर्षांचा विचार प्रश्न १६ मध्ये आहे.

५. गोळी कधी घ्यायची? माझा एकादशीचा उपवास असतो. रोजे असतात. रात्रपाळी असते.

टीएलडी उपाशीपोटी चालते आणि जेवूनही चालते. म्हणून एकादशी असो की नवरात्राचे नऊ दिवस, गोळीला उपवास नाही. घोटभर पाण्यानं व्रत मोडत नाही, आणि मोडतं असं कुणाला वाटलं तर देवापुढे ती जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. रोजे असतील तर सहरीला किंवा इफ्तारला घ्या आणि महिनाभर तीच वेळ ठेवा. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाची अशी वेळ धरावी जी दोन्ही पाळ्यांत सापडेल. रात्री नऊ ही बहुतेकांना जमते.

दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या, काही गोळ्या मात्र जेवणासोबतच घ्यायच्या असतात. तुमच्या डबीवर टीएलडी लिहिलेलं नसेल तर सेंटरच्या फार्मासिस्टला विचारून घ्या.

६. काल गोळी राहिली. आज दोन घेऊ?

दोन नको. राहिल्याचं आठवलं की लगेच एक घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. महिन्यातून एखादी चुकली म्हणून जग बुडत नाही. पण ती समुपदेशकापासून लपवू नका. डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या की त्यांना कळतंच. लपवलं की खरं कारण लपतं : घरात पाहुणे होते, डबी सासूच्या नजरेस पडेल अशी भीती होती, दारू झाली होती. कारण कळलं तर उपाय निघतो. एका ताईंनी गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून ठेवल्या होत्या आणि वर्षभर कुणालाही कळलं नाही. (गोळ्या दुसऱ्या डबीत ठेवायच्याच असतील तर कोरडी, घट्ट झाकणाची डबी घ्या आणि आतली ओल शोषणारी पुडीही तिच्यात टाका. लहान मुलांचा हात पोचेल तिथे ती ठेवू नका.)

७. सीडी-फोर आणि व्हायरल लोडमध्ये फरक काय?

सीडी-फोर म्हणजे तुमच्याकडचे शिपाई किती शिल्लक आहेत ते. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. गोळ्या नीट काम करताहेत की नाही, हे व्हायरल लोड सांगतो. सीडी-फोर सावकाश हलतो आणि साध्या सर्दीतापानंही वरखाली होतो. मागच्या वेळी ६१० होता आणि आता ५४० झाला, म्हणून झोप उडवून घेऊ नका.

सर्वांसाठी मोफत व्हायरल लोड तपासणी २०१८ मध्ये सुरू झाली. गोळ्या सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी ती होते. सीडी-फोर दर सहा महिन्यांनी. तो ३५० च्या वर स्थिरावला आणि व्हायरल लोडही दबलेला राहिला की सीडी-फोर करणं थांबवतात. ‘आता माझा सीडी-फोर करतच नाहीत, दुर्लक्ष चाललंय’ अशी तक्रार मला बरेच जण सांगतात. ते दुर्लक्ष नाही, तुम्ही बरे आहात याची ती खूण आहे. वर्षाचा व्हायरल लोड राहिला असेल तर मात्र स्वतःहून मागा. ग्रीन बुकात तारीख बघा, गर्दीच्या दिवशी तो राहून जातो.

८. व्हायरल लोड ३,२०० आला. म्हणजे औषध फेल गेलं?

लगेच तसं धरत नाहीत. १,००० च्या वर आकडा आला की आधी समुपदेशन होतं : गोळ्या चुकल्या का, मध्ये काही दुसरं औषध घेतलं का (प्रश्न १२), जुलाब-उलट्या झाल्या का. मग तीन महिने नीट गोळ्या घ्यायला लावून परत तपासतात. बहुतेकांचा आकडा तेवढ्यानंच खाली येतो. नाही आला तर केस राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे जाते आणि दुसऱ्या फळीची औषधं ठरतात. तीही मोफत, एआरटी प्लस सेंटरला मिळतात. त्यातल्या अटाझनाव्हिरनं डोळे पिवळे दिसू शकतात. बहुतेकदा ती लिव्हरची कावीळ नसते, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करा. त्यापुढे तिसरी फळीही आहे. तिथवर न गेलेलं बरं, कारण पुढे पर्याय कमी होत जातात आणि गोळ्यांची संख्या वाढते.

९. ‘विषाणू सापडत नाही’ असा रिपोर्ट आलाय. आता बायकोला माझ्यापासून लागण होणार नाही ना?

गोळ्या नियमित असतील आणि विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. हजारो जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हे ठरलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते स्पष्ट सांगते. मला हे कळलं तेव्हा मी घरी जाऊन खूप रडले होते. आपण कुणासाठी तरी धोका आहोत, हे ओझं इतकी वर्षं अंगावर होतं.

काही गोष्टी तरीही लक्षात ठेवा. विषाणू सापडत नाही म्हणजे आजार गेला असं नाही. गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. हे शरीरसंबंधापुरतं आहे. सुई एकमेकांची वापरण्याला ते लागू नाही, आणि अंगावरच्या दुधाचं गणित वेगळं आहे (प्रश्न १४). गरमी-परमा, हिपॅटायटिस बी यांसाठी आणि नको असलेल्या गर्भासाठी निरोध लागतोच. आणि जोडीदाराची तपासणी अजून झाली नसेल तर ती आधी करा.

१०. दर महिन्याला ७० किलोमीटर जावं लागतं. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देत नाहीत का?

देतात. गोळ्या नियमित असतील, व्हायरल लोड दबलेला असेल आणि दुसरा मोठा आजार नसेल तर मागा. दुसरा रस्ता लिंक एआरटीचा. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक सेंटर असेल तर स्थिर रुग्णाला गोळ्या तिथूनच मिळतात. बरेच जण मात्र मुद्दाम लांबचं सेंटर धरतात, गावातलं कुणी दिसू नये म्हणून. मला ते पूर्ण समजतं. फक्त ते भाडं महिन्यामागून महिने परवडणार आहे का, याचा विचार पहिल्याच दिवशी करा.

कधी तीन महिन्यांऐवजी पंधराच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवतात, कारण साठा कमी असतो. २०२२ च्या जुलैत देशात अनेक ठिकाणी तुटवडा झाला, तेव्हा आपल्यासारखीच माणसं दिल्लीत नाकोच्या कार्यालयात महिनाभराहून जास्त धरणं धरून बसली होती. साठा कमी असेल तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढ्यावर घरी येऊ नका. जवळच्या दुसऱ्या सेंटरमधून गोळ्या आणून देता येतात, तशी मागणी करा. हातात एकही गोळी नाही अशी रात्र येता कामा नये.

११. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो, पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत) परत येणं नाही. मुकादम सोडत नाही. गोळ्यांचं काय करायचं?

हा प्रश्न बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी येतो. बांधकामावर, वीटभट्टीवर, ट्रकवर असणाऱ्यांचाही प्रश्न हाच. सगळ्यात जास्त माणसं गोळ्यांपासून इथेच तुटतात, म्हणून नीट सांगते.

निघायच्या पंधरा दिवस आधी सेंटरला जा. टोळी भरायच्या गडबडीत शेवटच्या दिवशी जाल तर काम होणार नाही. कोणत्या कारखान्यावर जाणार, कोणत्या तालुक्यात, ते सांगा. स्थिर असाल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मागा. त्याही पुरणार नसतील तर कारखान्याजवळचं सेंटर कोणतं, ते लिहून घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरला सेंटर आहेत आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडेही आहेत. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या माणसाला दुसऱ्या सेंटरमधून गोळ्या मिळतात. त्यासाठी नाव कायमचं हलवावं लागत नाही. ग्रीन बुक दाखवा. ते नसेल तर एआरटी नंबर पुरतो, कारण आता सेंटर ‘सोच’ या संगणक प्रणालीनं जोडलेली आहेत आणि तुमची माहिती दुसऱ्या ठिकाणी निघते. म्हणून तो नंबर पाठ करा, किंवा मोबाइलमध्ये ‘गॅस नंबर’ अशा नावानं ठेवा.

कायमचा मुक्काम हलवणार असाल तर ट्रान्सफर आउट करून घ्या, म्हणजे नाव रीतसर नव्या सेंटरला हलवून घ्या. तो न करता नव्या ठिकाणी कोरा रुग्ण म्हणून नाव घातलं तर आधी कोणती औषधं झाली, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही आणि चुकीचं औषध सुरू होण्याचा धोका राहतो.

नवरा-बायको एकाच कोयत्यावर असतील आणि दोघंही गोळ्यांवर असतील, तर आळीपाळीनं एकानंच सेंटरला जावं. एकाच दिवसाची मजुरी बुडते. स्थिर रुग्णाच्या गोळ्या घरचं माणूस नेऊ शकतं, आधी समुपदेशकाशी बोलून ठेवा. मुकादमाला काय सांगायचं? टीबीचं, शुगरचं, काहीही सांगा. खरं कारण त्याला सांगायला तुम्ही बांधील नाही.

१२. बीपी, शुगर, ॲसिडिटी, कंबरदुखी, सगळ्याच्या गोळ्या चालू आहेत. टीएलडीबरोबर चालतात का?

बीपीच्या बहुतेक गोळ्या चालतात. अडचण येते ती अशा ठिकाणी :

कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी यांनी डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. गरोदर बायांना तर लोह-कॅल्शियम रोज असतंच, त्यांनी हे विसरू नये. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या टीएलडीबरोबर चालतात, पण अटाझनाव्हिर घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण त्यांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ताकद घटते. दुसऱ्या फळीत रिटोनाव्हिर असेल तर दम्याचे काही पंप, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि अर्धशिशीची एर्गोटामिनवाली गोळी धोक्याची ठरते. आणि डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. टेनोफोव्हिरबरोबर त्या किडनीवर ताण आणतात. शेतात, फडात राबणाऱ्यांना हे पाळणं अवघड आहे, तरी निदान सेंटरला सांगा म्हणजे क्रिएटिनिन बघता येईल.

खासगी डॉक्टरांकडे एचआयव्ही सांगायचा नसेल तर एवढं करा : त्यांनी दिलेली चिठ्ठी औषध घेण्याआधी एआरटीच्या फार्मासिस्टला दाखवा. फोटो काढून पाठवला तरी चालतो.

१३. टीबी नाही, तरी टीबीच्या गोळ्या दिल्यात. का?

त्या टीबी होऊ नये म्हणून आहेत. आपल्या देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त टीबीनंच जातो. म्हणून सहा महिने आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा कोर्स देतात. सेंटरला दर खेपेला खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारतात ते याचसाठी. सवयीनं ‘नाही, नाही’ म्हणत जाऊ नका. टीबी झालाच आणि रिफाम्पिसिन सुरू झालं, तर टीएलडीशिवाय डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. टीबीचं औषध दुसरीकडून घेत असाल तर ही जादा गोळी राहून जाते, म्हणून दोन्हीकडे सांगा.

१४. मी पॉझिटिव्ह आहे. मूल होऊ द्यावं का? अंगावर पाजावं का?

होऊ द्या. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ असते. आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर ती फारच खाली येते. म्हणून आधी आकडा दाबा, मग दिवस राहू द्या. गरोदरपणात टीएलडी चालूच ठेवायची. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड परत करतात, त्यावरून बाळाला किती औषध लागेल ते ठरतं. केवळ एचआयव्हीसाठी सिझेरियन करत नाहीत.

बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं पातळ औषध सुरू होतं, साधारण सहा आठवडे. धोका जास्त असेल तर जास्त दिवस आणि सोबत दुसरं औषधही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं, असं मिसळणं सगळ्यात वाईट. बाळाची तपासणी सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि शेवटची अठरा महिन्यांना. अठराव्या महिन्यापर्यंत आईच्या अँटिबॉडी बाळात असू शकतात. म्हणून त्याआधी कुणी साध्या किटवर बाळ पॉझिटिव्ह आहे म्हणालं तर तो रिपोर्ट शेवटचा धरू नका.

१५. मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मापासून गोळ्या घेतोय. ‘कशाच्या?’ विचारतो. काय सांगू?

विचारतोय म्हणजे वेळ झाली आहे. सहा-सात वर्षांपासून थोडं थोडं सांगत जावं : ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते.’ मग बारा वर्षांच्या आसपास आजाराचं नाव. एकाच दिवशी सगळं ओतायचं नाही. सेंटरच्या समुपदेशकांना सोबत घ्या, त्यांना याचं शिक्षण दिलेलं असतं.

‘शक्तीच्या गोळ्या आहेत’ असं सांगून वाढवलेली मुलं मी पाहिली आहेत. एक मुलगी नववीत होती. विज्ञानाच्या पुस्तकात औषधाचं नाव नव्हतं, पण सेंटरच्या भिंतीवरच्या पोस्टरवर होतं. तिनं जुळवलं. आई-आजीनं फसवलं म्हणून तिनं चार महिने गोळ्या गटारात टाकल्या. तिचा राग आजारावर नव्हता, खोट्यावर होता. पुढे ती सावरली, पण व्हायरल लोड खाली यायला दीड वर्ष गेलं.

मूल ‘मला कसं झालं?’ विचारेल. त्याचं खरं उत्तर द्या, आणि त्यात आई किंवा बाप दोषी ठरेल असं काही घालू नका. शाळेला सांगायची गरज नाही. कळलं तरी या कारणावरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं गोळ्यांना कंटाळतात, त्या काळात उपदेश कमी आणि सोबत जास्त द्या. त्यांच्याच वयाच्या मुलांचा गट सेंटरशी जोडलेला असेल तर तिथे नक्की पाठवा.

१६. वीस-तीस वर्षं गोळ्या खाल्ल्या तर किडनी, हाडं यांचं काय? म्हातारपणी कोण बघणार?

टेनोफोव्हिर काहींच्या किडनीवर आणि हाडांवर परिणाम करतं, म्हणून क्रिएटिनिन वेळच्या वेळी करून घ्या. डोल्युटेग्रॅव्हिरनं क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढतो, पण त्यात किडनी बिघडलेली नसते. कुठल्याशा लॅबचा रिपोर्ट बघून मनानंच गोळी बंद करू नका. खरंच बिघाड असेल तर औषध बदलून देतात. हिपॅटायटिस बी असणाऱ्यांनी तर टीएलडी मध्येच कधीच सोडू नये. तिच्यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि ती बंद पडली की कावीळ जोरात उसळू शकते.

चाळिशीनंतर बीपी, शुगर, वजन, कोलेस्टेरॉल यांवर लक्ष ठेवा. विडी-तंबाखू सोडा. बायांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी वयाच्या पंचविशीपासून करून घ्यावी. आपल्याला त्याचा धोका इतर बायांच्या सहापट आहे आणि तरी ही तपासणी कुणी आठवणीनं सुचवत नाही. सरकारी रुग्णालयात ती होते, स्वतःहून मागा.

म्हातारपणी कोण बघणार, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. २००४ ला गोळ्या सुरू झालेली माणसं आता साठीत आहेत आणि त्यातल्या कित्येकांना मूल नाही, जोडीदार नाही. आपले मेळावे, वधू-वर मेळावेसुद्धा, होतात. म्हातारपणाच्या सोयीची मागणी मात्र आता जोरात करायला हवी.

१७. एक वैद्य मुळासकट बरं करतो म्हणतात. एआरटी बंद करा म्हणाले.

करू नका. एचआयव्ही मुळासकट घालवणारं औषध आज कुठल्याही पॅथीत नाही, आणि एड्स बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात कायद्यानं बंद आहे. जगात मोजकी माणसं बरी झाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी मूळपेशी बदलताना. तो उपाय इतका जिवावरचा आहे की कर्करोगाशिवाय कुणाला करत नाहीत.

१८. कामाच्या ठिकाणी कळलं तर काढून टाकतील का?

कायद्यानं काढता येत नाही. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा यांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. त्या कामगाराचं नावही न्यायालयानं उघड होऊ दिलं नाही. या लढायांतूनच २०१७ चा कायदा आला. नोकरीसाठी एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही. नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. खटल्यात टोपणनाव वापरता येतं. नवरा गेला म्हणून सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर त्याविरुद्धही हाच कायदा आहे : ज्या घरात राहत होता तिथे राहण्याचा तुमचा हक्क आहे.

१९. ऑपरेशनला ‘दुसरीकडे न्या’ म्हणाले. आणि माझ्या नवऱ्याला डॉक्टर परस्पर सांगतील का?

ऑपरेशन नाकारणं बेकायदा आहे. ‘संरक्षक किट नाही’ हे कारण चालत नाही, कारण काळजी प्रत्येकच पेशंटच्या वेळी घ्यायची असते. नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच सूर बदलतो. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्यापुढे याच कायद्याखालचे लोकपाल, त्यांनी ३० दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणात शक्यतो २४ तासांत निर्णय द्यायचा असतो.

नवऱ्याबद्दल : तुमच्या संमतीशिवाय त्याला सांगता येत नाही. अपवाद एकच. जोडीदाराला लागणीचा खरा धोका आहे, समुपदेशन करूनही तुम्ही सांगत नाही, आणि तुम्हाला आधी कळवलेलं आहे, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतात. पण सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असलेल्या बाईसाठी कायद्यानं यातही आडोसा ठेवला आहे. ती भीती समुपदेशकाला स्पष्ट शब्दांत सांगा.

२०. पैशांची काही मदत मिळते का?

संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही बसतो : महिना १,५०० रुपये, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, अर्ज तहसील कार्यालयात. मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना २,२५०. एसटीच्या भाड्यात सवलत आहे. पण प्रत्येकाची अडचण तीच : दाखला तलाठ्यापासून कंडक्टरपर्यंत चार हातांतून जातो. म्हणून कितीतरी बाया हक्काचे पैसे सोडून देतात. अर्ज एकटीनं नेऊ नका, केअर ॲण्ड सपोर्ट सेंटरच्या (एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या केंद्राच्या) किंवा पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांमार्फत द्या. बंद पाकिटात अर्ज कसा द्यायचा, ते त्यांना माहीत असतं.

२१. गोळ्या सोडून दोन वर्षं झाली. आता गेले तर ओरडतील. परत घेतील का?

घेतील. नाव काढून टाकलेलं नसतं, तुमचं व्हाइट कार्ड अजून तिथेच आहे. कदाचित कुणी ओरडेलही. कधी माणूस दमलेला असतो, कधी सकाळपासूनचा दीडशेवा पेशंट समोर असतो. ऐकून घ्या आणि बाकावर बसून राहा. केअर कोऑर्डिनेटरला गाठा. त्या जागेवर बहुतेक आपल्यापैकीच कुणीतरी असतं.

जुन्या शिल्लक गोळ्या घरी आपल्या आपण सुरू करू नका. पहिल्या दिवशी टीबीचं बघतील, सीडी-फोर काढतील. तो २०० च्या खाली असेल तर आणखी काही तपासण्या होतील आणि दुसरे संसर्ग टाळणारी सेप्ट्रानची गोळी सुरू होईल. मग बहुतेकदा टीएलडीच परत सुरू करतात आणि व्हायरल लोड पुढे बघतात. मध्ये का सुटलं ते विचारतील. खरं सांगा : मूल गेलं, दारू, दीर, भाडं नव्हतं, कंटाळा आला होता. यातलं सगळंच त्यांनी आधी ऐकलेलं असतं.

सेंटर शक्यतो सकाळी गाठा, रक्त त्याच दिवशी घेतलं जाईल. ग्रीन बुक हरवलं असेल तर नवीन देतात. एकटीला धीर होत नसेल तर १०९७ वर फोन करून जवळच्या केअर ॲण्ड सपोर्ट सेंटरचा नंबर घ्या, त्यांचं माणूस गेटपासून सोबत येतं.